अवरेचे दिवस, साडेसहाची रिंग

राजाजीनगरच्या बाजारात अवरेकाई आली. ही बातमी मला कोणी सांगितली नाही, नाकाला कळली. मी तीन गल्ल्या अलीकडे, बंद खिडकीच्या आत, दोन स्वेटर, एक मफलर आणि एक रजई यांच्या तळाशी होतो, तरी वास पोचला. रात्रभर दव पिऊन तेलकट झालेल्या शेंगांचा वास. इथे त्याला ‘सोगडु’ म्हणतात, आणि जाणती माणसं शेंग डोळ्यांनी न बघता नाकाशी धरून घेतात. यंदा ढीग इतके उंच लागलेत की वरून जाणारी मेट्रो शेंड्यावरच्या शेंगा उडवत जाते. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. साफ खोटं आहे. मी वाढवत नाही, इतरांना कमी दिसतं.

पुण्यामुंबईकडच्यांनी अवरे म्हणजे वालाच्या शेंगा समजाव्यात. मात्र हे वाक्य आमच्या तुंगाक्कासमोर उच्चारू नये. त्या एका वाक्यापायी आमच्या इमारतीत नऊ वर्षांचं युद्ध झालं आहे.

तर, हा वास आला की इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला डायल टोन ऐकू येतो. तीन हिवाळ्यांपूर्वीचा. टूंऽऽऽ असा, अखंड, तानपुऱ्याच्या षड्जासारखा, जिन्याखालच्या एका काळ्या डब्यातून उगवलेला.

आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या मागे चालत या गावात आलं. फौज पुढे निघून गेली. आम्ही जेवायला थांबलो होतो, ते अजून जेवतोच आहोत. मी स्वतः छत्तीस वर्षं सरकारी टेलिफोन कारखान्यात होतो. देशातली निम्मी लग्नं माझ्या हाताखालून गेलेल्या फोनांवर ठरली आणि उरलेल्या निम्म्यांची भांडणंही त्याच फोनांवर झाली. कारखान्यातल्याच लोकांनी मिळून ही इमारत बांधली. तीन मजले, वॉचमनची केबिन धरून चोवीस घरं, आणि टेलिफोनवाल्यांचीच इमारत असल्यामुळे प्रत्येक घरात भिंतीवर एकेक इंटरकॉम. साखरेची वाटी, लाईट गेल्याची चौकशी, ‘माझी मांजर तुमच्याकडे आहे का’ ही सगळी वाहतूक त्याच तारांवरून चालायची. त्या वर्षी पावसाळ्याअखेर जिन्याखाली पाणी शिरलं आणि इंटरकॉमच्या पेटीने प्राण सोडले. ती बनवणारी कंपनी तिच्या आधीच गेलेली. बहुतेकांनी खांदे उडवले. सगळ्यांच्या खिशात मोबाइल होता.

तुंगाक्काच्या नव्हता. असता तर त्याच्यावर तिने इडलीपात्राचं झाकण ठेवलं असतं.

तुंगाक्का म्हणजे ३०४ नंबरची एक्याऐंशी वर्षांची आमची शेजारीण, एकटी राहणारी, माझ्यासारख्या विधुराला अवरेच्या दिवसांत रोज पोटभर खायला घालणारी. उंची चार फूट दहा इंच, आवाज साडेसहा फूट. नोव्हेंबरात ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. सकाळी सहाला पडली ती कामवाली येईपर्यंत, दहा वाजेतो, तशीच. हाड मोडलं नाही, पण तिच्या मुलाचा, रघूचा, धीर मोडला. रघू इलेक्ट्रॉनिक सिटीत चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याने जाहीर केलं: संक्रांतीला सामान बांधायचं, अम्मा माझ्याकडे.

मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती भिजवलेल्या अवरेचे दाणे सोलत बसली होती. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरायचा, किंचित दाबायचा, टुणकन आतली डाळ बाहेर, साल बोटात. टुण, टुण, टुण. एक दाणा फुकट जात नव्हता.

“चौदाव्या मजल्यावर मी काय करू रे वासू?” ती म्हणाली. “तिथे ढगांना उप्पिट वाढू?”

“रघूचं चुकत नाही, अक्का. तू चार तास पडून होतीस.”

“इंटरकॉम चालू असता तर पडले असते होय चार तास? तू टेलिफोनवाला ना? बढाया मारतोस ना ढीगभर? मग फोन चालू कर की.”

“बोलायला मोबाइल घे ना एखादा.”

“मला बोलायचं नाहीये. मला रिंग हवी. स्वल्प रिंग वाजली की आयतु, झालं माझं काम.”

तिच्या या शेवटच्या दोन वाक्यांत सगळं शहाणपण भरलेलं होतं आणि ते मला त्या क्षणी अजिबात कळलं नाही. मी छाती फुगवून एवढंच म्हणालो, “संक्रांतीच्या आत चोवीस घरांत फोन वाजला नाही तर मिशी काढीन.”

माझ्या मिशीला त्या दिवसापासून झोप नाही.

कारखान्यात मी शिकलो ते तारा, रिले आणि डाख लावणं. आता टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे एका कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम, आणि तो कोणाच्या मालकीचा नाही. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कोणीही उतरवून घ्यावा, उघडावा, आत हात घालावा. एकोणसत्तराव्या वर्षी मी लिनक्स शिकायला बसलो. काळा पडदा, त्यावर एक पांढरी खूण मिटमिटत असते. ती काही सांगत नाही, विचारत नाही, नुसती वाट बघते. माझ्या सगळ्या वरिष्ठांत एवढा सोशिक कोणी नव्हता.

भाचीच्या ऑफिसने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर मिळाला. जुन्या तारा एका अंगाला आणि नेटवर्कची वायर दुसऱ्या अंगाला जोडणारा, चोवीस भोकांचा एक डबा मिळाला, त्याला गेटवे म्हणतात. दोघांना जिन्याखाली, या खेपेला उंच फळीवर, बसवलं. वॉचमन मादप्पा रोज दोन्ही हात जोडून फळीसमोर उभा राहायचा. मला वाटे भक्तीने. नंतर कळलं, मशीनच्या गरम हवेवर तो हात शेकत होता.

संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन तुंगाक्काच्या स्वयंपाकघरात बसायचो, कारण तिथून खालचं मशीन चालवता येत होतं आणि दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तिचा नियम कडक होता: रिकाम्या हाताने बसायचं नाही. म्हणजे पडद्यावर प्रोग्रॅम उतरतोय, ओळींमागून ओळी धावताहेत आणि इकडे मी दाणे सोलतोय. माझा दाणा वाटीत पडत नसे. एक मिठाच्या बरणीत, एक चष्म्यावर, आणि एक, देवाशपथ सांगतो, उडून थेट एंटरच्या बटणावर. नेमकं त्याच क्षणी मशीन विचारत होतं की सगळी डिस्क पुसू का. दाणा ‘हो’ म्हणाला. पाच दिवसांचं काम गेलं.

“एवढ्याशा दाण्याला भिणारं यंत्र!” तुंगाक्का म्हणाली. “दे तो इकडे, वाया घालवू नको.”

पुन्हा पहिल्यापासून. अशा एक्स्चेंजला काय करायचं हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं: कोणी ३०४ फिरवला तर कोणता फोन वाजवायचा, किती वेळ वाजवायचा, उचलला नाही तर काय. मशीनला लिहिलेलं पत्रच ते. एक स्वल्पविराम राहिला तर मशीन रुसतं. मध्यंतरी एक आठवडा असा गेला की एकाचा आवाज दुसऱ्याला जाई पण दुसऱ्याचा परत येत नसे. काही घरांनी विनंती केली की हे असंच राहू द्या.

आणि मग डिसेंबरातल्या एका दुपारी, धुकं उतरून ऊन पिवळं झालं होतं, इमारतभर फोडणीचा हिंग तरंगत होता, मी ३०४ मधला रिसीव्हर उचलला.

टूंऽऽऽ.

छत्तीस वर्षं मी तो आवाज इतरांसाठी बनवला. हा मी माझ्या हाताने, काळ्या पडद्यावर ओळी लिहून, शून्यातून उभा केलेला. मी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. खाली मादप्पा ओरडला, “आयतु, सार?” मी ओरडलो, “आयतु!” झालं! राजाजीनगरची कबुतरं उडाली. दूर जे. पी. नगरात सुद्धा लोकांनी वर बघितलं असं मागाहून कानावर आलं.

तुंगाक्काने रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग तो नीट जागेवर ठेवला आणि पदराने पुसला. “सरी,” म्हणाली, म्हणजे ठीक. एवढंच.

इथे गोष्ट संपवणारा माणूस मी नव्हे, कारण खरा गाढवपणा मी यापुढे केला.

अशा एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलची नोंद होते. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ. चौथ्या दिवशी नोंदी वाचताना मला एक बिघाड सापडला. रोज सकाळी साडेसहाला ३०४ वरून १०२ ला फोन. एक रिंग. कट. दोन मिनिटांनी १०२ वरून ३०४ ला. एक रिंग. कट. दोन्हीकडे कोणी उचललेला नाही. रोज तेच.

१०२ म्हणजे गोदूमावशी. पुण्याकडची, पस्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या संशोधन संस्थेतल्या नोकरीमुळे इथे आलेली, पंचाहत्तरीची, गुडघ्यांमुळे जिना टाळणारी. मी मनात म्हटलं, गोदूमावशी आणि तुंगाक्का? या दोघी एकमेकींना फोन करणं शक्यच नाही. नऊ वर्षांपूर्वी गोदूमावशीने तुंगाक्काकडच्या अवरेला ‘हे तर आपले वालच’ म्हटलं, घरी नेऊन त्यात गूळ आणि आमसूल घातलं, आणि वर वाटी भरून परत पाठवली. “अवरेत गूळ?” असं तुंगाक्का म्हणाली, वाटी तशीच खाली गेली, आणि त्या दिवसापासून दोघींत शब्द नाही. गणपतीच्या आरतीला एक आली की दुसरी निघे.

तेव्हा हा बिघाडच. तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या असणार. मी आठ दिवस तो शोधला. तारा बदलल्या, डब्यातली भोकं बदलली, साडेसहा वाजता फळीसमोर दिवा धरून बसलो. बिघाड साडेसहाला हजर. शेवटी मी माझ्या मते अत्यंत चतुर इलाज केला. फाइलमध्ये लिहिलं: या दोन नंबरांतले लागोपाठ दोन कॉल असे अर्धवट तुटले, तर मशीनने आपण होऊन दोन्ही फोन वाजवावेत, उचलेपर्यंत वाजवत राहावं, आणि दोघांना जोडून द्यावं. फोन म्हणजे बोलण्याचं यंत्र, एवढीच माझी छत्तीस वर्षांची विद्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेची कॉफी प्यायचं निमित्त करून मी तुंगाक्काकडे जाऊन बसलो. साडेसहाला ती माझ्याकडे पाठ करून भिंतीपाशी काहीतरी पुसत होती. दोन मिनिटांनी तिचा फोन एकदा वाजला आणि थांबला. आणि मग माझा इलाज चालू झाला. फोन वाजायला लागला तो थांबेचना. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग.

तुंगाक्काचा चेहरा पांढरा पडला. हातातलं फडकं गळलं. इतक्या झपाट्याने मी तिला आयुष्यात चालताना पाहिलं नव्हतं.

“काय झालं?” ती रिसीव्हरमध्ये ओरडली.

“तुला काय झालं?” गोदूमावशीही ओरडली. तिचा आवाज फोनमधून येत होता आणि जिन्यातूनही येत होता. जिन्यातला किंचित आधी.

“मला कुठे काय? तू वाजवलास!”

“मी कशाला वाजवू? तूच वाजवलास, थांबतच नव्हता मेला!”

“मग पडली नाहीस?”

“नाही. तू?”

“नाही.”

 कॉफीच्या गाळणीतून थेंब पडताना ऐकू आला. नऊ वर्षांनी एकमेकींचा आवाज ऐकणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आणि मधे मी बनवलेली निर्दोष, खरखर नसलेली लाईन.

“घसा बसलाय तुझा,” तुंगाक्का शेवटी म्हणाली.

“थंडी आहे.”

“मिऱ्याचं सारू पाठवते. ठेव आता.”

रिसीव्हर ठेवून ती माझ्याकडे वळली. त्या नजरेने कारखान्याच्या जनरल मॅनेजरलाही घाम फुटला असता. मग सगळं बाहेर आलं. दोघी एकाच वर्षी विधवा झाल्या. तेव्हा ठरलं, रोज सकाळी साडेसहाला हिने एक रिंग द्यायची, तिने एक रिंग परत. उचलायचं नाही. रिंग आली म्हणजे उठलीय, आहे. नाही आली तर लांब रिंग, आणि तरी नाही तर माणूस पाठव. पुढे गुळावरून भांडण झालं.

“भांडण झाल्यावरही रिंग चालूच?” मी विचारलं.

“बोलायचं बंद होतं रे,” ती म्हणाली. “रिंगचं काय भांडण?”

नोव्हेंबरात ती पडली तेव्हा पेटी मेलेली होती. त्या सकाळी खाली गोदूमावशी मेलेल्या फोनकडे बघत बसली होती, कारण कळायला दुसरी वाट नव्हती, आणि वर येऊन दार वाजवायला गुडघे आणि गूळ दोन्ही आडवे आले. मला रिंग हवी, म्हणजे हे हवं होतं.

मी तो चतुर इलाज पुसून टाकला आणि नवं पत्र लिहिलं. साडेसहा ते सातमध्ये ३०४ ची रिंग आली नाही, तर गोदूमावशीच्या लांब रिंगऐवजी सातला मशीनने तीन फोन वाजवावेत: गोदूमावशीचा, माझा आणि मादप्पाच्या केबिनमधला. आता रघू येऊ दे, म्हटलं.

संक्रांतीला रघू पहाटेच आला. त्या वेळी उड्डाणपूल मोकळा असतो. हातात रिकामी खोकी. “वासूअण्णा, तुमचं काम कौतुकाचं आहे, पण प्रॅक्टिकल व्हा,” तो म्हणाला. “रिंग कोणी ऐकली नाही तर? अम्मा पुन्हा पडली तर कोण येणार आहे?”

तुंगाक्का चुलीपाशी अवरेचं उप्पिट हलवत होती. परात भरेल एवढं का करतेय ते मला कळेना. साडेसहा वाजले. ती फोनपाशी गेली नाही. पावणेसात. मी खूण केली. तिने कढईत पाण्याचा हबका मारला. सात.

आणि इमारत वाजली.

तीन फोन वाजायला हवे होते. मी त्या ओळीत काय चुकवलं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. चोवीसच्या चोवीस वाजले. वरून, खालून, भिंतीतून, जिन्यातून, ट्रिंग ट्रिंगचा असा कल्लोळ की नळाला पाणी यायचं थांबलं. दारं धाडधाड उघडली. टूथब्रश तोंडात धरून २०६ चे जोशी, टॉवेल सावरत ३०१ चे शेट्टी, कणकेच्या हाताने ११० किलो वजनाची आमची खजिनदारीण, काठी उगारून मादप्पा. आणि सगळ्यांना कोपराने बाजूला सारत, ज्या गुडघ्यांनी नऊ वर्षं हा जिना पाहिला नव्हता त्या गुडघ्यांवर, हातात झारा तसाच धरून, गोदूमावशी.

“तुंगे! तुंगे, आहेस ना ग?”

“आहे की,” तुंगाक्का ताटल्या मांडत म्हणाली. “ये. उप्पिट निवतंय.”

“मेले, जीव गेला असता माझा!”

“बस आधी. मीठ बघ.” आणि मग, जरा थांबून, “गूळ नाहीये त्यात.”

गोदूमावशीने धापा टाकत एक घास घेतला. “कळतंय,” म्हणाली. “म्हणूनच असं लागतंय.” आणि ताटली पुढे केली. “वाढ अजून.”

रघू दारातल्या गर्दीकडे बघत राहिला होता. टॉवेल, टूथब्रश, कणीक, झारा. मग त्याने खोकी उचलली आणि अवरेच्या शेंगा भरून ठेवायला खजिनदारीणबाईंना दिली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “अण्णा, त्या यादीत बाहेरचा मोबाइल घालता येतो का? माझा?”

माझी मिशी शाबूत आहे. चोवीस फोन मुद्दामच वाजवले होते असं मी सगळ्यांना सांगतो. आता तुम्हालाही सांगतो.

ती ओळ मी नंतर दुरुस्त केली नाही. साडेसहाला रिंग देणाऱ्यांची यादी मात्र वाढत गेली. एकेकाने येऊन, हळूच, ‘माझाही नंबर घाला’ म्हटलं. यादीत सगळ्यात शेवटी २०१ आहे. तो मी एका दुपारी कोणाला न विचारता घातला. त्यात एक म्हातारा राहतो, फार बोलतो, बाकी ठीक आहे.

आज सकाळी तो सोगडुचा वास आला, आणि रजईखाली हे सगळं आठवत मी पडून राहिलो. डायल टोन, एंटरवरचा दाणा, जिन्यातला आवाज. हसू येत होतं. साडेसहा केव्हा टळले, कळलं नाही.

सातला माझा फोन वाजला. मग भिंतीपलीकडचा. मग वरचा, खालचा, सगळे.

मी रिसीव्हर उचलला.

“मेला नाहीस ना?” तुंगाक्का.

“नाही, अक्का.”

“मग पडलायस काय? अवरे आलीय. वास बघून आण, गेल्या वर्षीसारखी वाळकी नको. गोदू पण इथेच बसलीय.”

बाहेर जिन्यावर पावलं दणदणत होती. मी मफलर नीट केला, मिशी सारखी केली आणि दार उघडलं. समोर टॉवेल, टूथब्रश, काठी, कणकेचे हात, सगळे धापा टाकत माझ्याकडे बघत होते.

“चाचणी होती,” मी म्हणालो. “उत्तम चालतंय.”